जपून ठेवलेली चावी

आर्मासने काउंटरवर तीन कोऱ्या चाव्या मांडल्या. अजून दात न कापलेल्या, सपाट. एक पिवळी, एक पांढुरकी, एक करडी.

"पितळ, जर्मन सिल्व्हर, पोलाद," तो म्हणाला. "बोल, कशात करू?"

"कशातही कर," इर्या म्हणाली.

"कशातही अशी चावी नसते, इर्या."

गेले सात आठवडे लोक तिला सारखं काहीतरी निवडायला लावत होते. शवपेटी कुठल्या लाकडाची, चर्चमध्ये कुठलं स्तोत्र, कॉफीबरोबर माशाचं सँडविच की मांसाचं. दर वेळी ती म्हणाली होती, कुठलंही चालेल, आणि लोकांनी तिच्या दंडावर हात ठेवून मान हलवली होती. बाई दुःखाने खचली, असं त्यांना वाटलं. पण तिला खरोखरच कुठलंही चालत होतं. तिचा नवरा ताइस्तो गेला त्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी येऊन तिने भांडी घासली होती. भांडी घासताना माणसाला जेवढं वाटतं तेवढंच तिला वाटलं होतं, आणि पुढच्या सात आठवड्यांत त्यात काही भर पडली नव्हती.

"तिला काय विचारतोस?" बाजूला उभा असलेला काउको म्हणाला. "कारखान्यातून गाडीबरोबर जर्मन सिल्व्हरची चावी आली होती. तेव्हा जर्मन सिल्व्हरच. यात विचारण्यासारखं काय आहे?"

काउको हा गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, ताइस्तोचा चाळीस वर्षांचा मित्र. त्यांच्या कांकानपा गावात माणसं दिवसाकाठी जेवढं बोलतात तेवढं काउको न्याहारीच्या आत बोलून मोकळा होई. पण मनाने चांगला. मंगळवारी चावी मोडली तेव्हा इर्याने त्यालाच फोन केला होता.

चावी मोडली ती तिच्याच हातून. ताइस्तोची गडद हिरवी व्होल्वो सदुसष्ट सालची. पूर्वी ती रोज धावायची, आता तिची नोंदणी संग्रहालयी गाडी म्हणून होती, म्हणजे वर्षातून फक्त तीस दिवस ती रस्त्यावर आणायची आणि प्रत्येक दिवस वहीत लिहून ठेवायचा. अडतीस वर्षांत इर्या त्या गाडीच्या स्टीअरिंगच्या चाकामागे एकदाही बसली नव्हती. बाजारहाटाला तिची स्वतःची छोटी गाडी होती. मंगळवारी तिने गॅरेज उघडलं, गाडीवरची चादर काढली, चावी घातली आणि जगातली सगळी माणसं फिरवतात तशी फिरवली. चावी पिळवटली आणि मानेपाशी तुटली. उरलेला तुकडा तिने पकडीने ओढून काढला, दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि घरात जाऊन बटाटे उकडायला ठेवले.

गाडी शनिवारी हवी होती. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ताइस्तो एकच गोष्ट धड बोलला होता. "मला त्या काळ्या गाडीतून फिरवू नकोस. शेवटी आपल्या गाडीतून ने." ती म्हणाली होती, नेते. पेटीसकट दहन झालं होतं; शनिवारी पोरी शहरात जाऊन अस्थिकलश घ्यायचा होता आणि दुपारी एक वाजता लाविया गावाच्या दफनभूमीत, त्याच्या आईवडिलांशेजारी, ठेवायचा होता. काउकोने स्वतःची गाडी देऊ केली होती. अंत्यविधीवाल्यांनीही फोनवर मऊ आवाजात सांगितलं होतं की आम्ही पोचवू, काळजी करू नका. इर्याने दोघांनाही नको म्हटलं. तिला स्वतःची थोडी भीती वाटू लागली होती. नवऱ्यासाठी डोळ्यांतून टिपूस निघालं नाही ते नाही, पण दिलेला शब्दही पाळता आला नाही तर मग अडतीस वर्षं आपण त्या घरात होतो तरी कोण, असं तिच्या मनात येई. हे ती कुणाला बोलली नव्हती.

"तुटलेली दाखव बघू," आर्मास म्हणाला.

त्याच्या दुकानात बुटांना सोलही लागत आणि चाव्याही होत. गावात बूट आणि कुलूप एकाच माणसाच्या हाताखालून जायची. शाळेत तो इर्याच्या दोन वर्ग पुढे होता, तेव्हाही असाच हळू बोलायचा. त्याने रुमालातले तुकडे भिंगाखाली धरले.

"ही झिजून पार कागद झालीय. आणि काउको, इथे बघ. कडेला वरचा पांढरा मुलामा उडालाय आणि आतून पिवळं दिसतंय. कारखान्याची चावी पितळेची होती."

"असेल एखादी," काउको म्हणाला. "पण झिजलेल्या चावीवरून चावी करायची नसते, हे तरी मान्य ना? नक्कल केली की तिची झीजसुद्धा नक्कल होते."

"नियम तसाच आहे."

"मग हे घे." काउकोने खिशातून कॉफीचा चपटा डबा काढला. आदल्या संध्याकाळी ताइस्तोच्या गॅरेजमधली फळीन् फळी धुंडाळून त्याने तो शोधला होता. डब्यात तेलकट कागदात गुंडाळलेली दुसरी चावी होती, गाडीबरोबर आलेली, कोरी करकरीत. सोबत एक चिठ्ठी होती. तिच्यावर ताइस्तोच्या ठळक, उभ्या अक्षरांत लिहिलं होतं: वापरू नये.

"याला म्हणतात गाडीवाला," काउको अभिमानाने म्हणाला. "पन्नास वर्षांहून जुनी चावी आणि कुलपाचं तोंड पाहिलेलं नाही."

आर्मासने चावी उलटीसुलटी करून पाहिली. तो काहीतरी बोलणार होता, पण काउकोने घड्याळाकडे बघितलं आणि इर्याने खिडकीकडे. मग त्याने पांढुरकी कोरी चावी यंत्रात अडकवली, शेजारी ताइस्तोची जपलेली चावी अडकवली, आणि दुकानात कर्कश आवाज भरून राहिला. पाच मिनिटांत जर्मन सिल्व्हरची चावी तयार झाली. चांदीचा कण नसताना चांदी म्हणवून घेणारा तो धातू चकाकत मात्र चांदीसारखाच होता.

गॅरेजमध्ये ती चावी गाडीच्या कुलपात अलगद गेली आणि फिरली नाही.

काउकोने तेल टाकलं. फुंकर मारली. आर्मासच्या यंत्राला, मग खुद्द आर्मासला नावं ठेवली. शेवटी त्याने इर्याकडे न बघता डब्यातली अस्सल चावी काढली, क्षणभर तळहातावर धरली, ताइस्तोची मनोमन माफी मागितल्यासारखा थांबला आणि घातली. तीही फिरली नाही.

"शक्य नाही," काउको म्हणाला. "ही तर मूळ चावी आहे."

इर्या गॅरेजच्या दारात उभी होती. बाहेर बर्चच्या झाडांना नुकती पालवी आली होती, शेजारचा माणूस बाग उकरत होता. हे सगळं तिला दिसत होतं आणि त्याने तिला काही होत नव्हतं.

"नवं कुलूप मागवू," काउको म्हणाला. "स्वीडनहून. दोन आठवडे लागतील. गाडीचं अस्सलपण थोडं जाईल, पण—"

"शनिवार दोन आठवड्यांनी येत नाही," इर्या म्हणाली. "कॉफी घेणार?"

त्याने कॉफी घेतली. वेलचीच्या पावाचे दोन तुकडेही खाल्ले, आणि चुकल्यासारखा लवकर घरी गेला.

गुरुवारी ती एकटीच दुकानात गेली. आर्मासने तिला येताना पाहिलं आणि हातातला बूट खाली ठेवला.

"फिरली नाही ना?"

"तुला माहीत होतं?"

"शंका होती. काल बोलायला हवं होतं. पण काउको एकदा सुटला की त्याच्या मधे कोण पडणार." त्याने तुटलेल्या चावीचे तुकडे जवळ ओढले. "हे बघ. ही चावी पन्नास-साठ वर्षं त्या कुलपात फिरली. कुलपाच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. चावीने त्यांना झिजवलं, त्यांनी चावीला झिजवलं. थोडं याने सोडलं, थोडं तिने. आता ते कुलूप कारखान्याच्या चावीला ओळखत नाही. ते फक्त हिला ओळखतं."

"म्हणजे डब्यातली चावी कधीच चालली नसती?"

"सुरुवातीला चालली असती. दोन्ही आलटून पालटून वापरल्या असत्या तर आजही चालली असती. जपून ठेवली म्हणून वाया गेली." आर्मासने पाठीमागच्या खिळ्यावरचा कोट घेतला. "चल, तुझ्या गॅरेजला जाऊ. हे यंत्राचं काम नाही, कानशीने करायला हवं."

दारावर ‘लगेच येतो’ची पाटी लावून तो तिच्या छोट्या गाडीत बसला.

गॅरेजमध्ये आर्मास गाडीचं दार उघडून चाकामागे बसला. मांडीवर फडकं पसरलं, तुटलेले तुकडे एकमेकांना जोडून ठेवले आणि एका पितळी कोऱ्या चावीवर बारीक कानशीने काम सुरू केलं. पितळ हाताचं ऐकतं, असं म्हणाला. थोडं घासायचं, घालून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. फडक्यावर पिवळा भुगा पडत होता. स्टीअरिंग डावीकडे होतं; इर्या सवयीने उजव्या बाजूने जाऊन शेजारच्या सीटवर बसली. अडतीस वर्षं तिची जागा तीच होती. तिथून समोरच्या काचेचा डावा कोपरा नेहमी थोडा धुरकट दिसे, आताही दिसत होता.

पाऊण तासाने आर्मास थांबला. "जवळ आलंय, पण पकडत नाही. ताइस्तो ही फिरवायचा कशी?"

"फिरवायचा म्हणजे? जशी फिरवतात तशी."

"नाही. इतकी झिजलेली चावी सरळ फिरूच शकत नाही. तू फिरवलीस, तुटली. तो दर वेळी फिरवत होता. त्याची काहीतरी युक्ती असणार. तू इथेच बसायचीस ना? आठव."

"मी बघत नसे, आर्मास. मी खाण्याचा डबा सांभाळायचे, नाहीतर पिशवी."

"मग ऐकू काय यायचं?"

इर्याने डोळे मिटले. आर्मासने सांगितलं म्हणून मिटले. आधी काहीच आलं नाही. मग त्याच्या कोटाची बाही चाकाला घासल्याचा आवाज आला. चावी पूर्ण आत गेल्याचा टक. मग तो नाकातून श्वास सोडायचा. मग दुसरा, बारीक टक, आणि त्या वेळी त्याचं कोपर तिच्या दंडाला लागायचं. दर वेळी लागायचं. तिला वाटे गाडीच अरुंद आहे. पण चावी नुसती फिरवताना माणसाचं कोपर बाहेर येत नाही.

"घातली की तो ती मागे ओढायचा," ती म्हणाली. "केसभर. आणि वर उचलायचा. असं." मिटल्या डोळ्यांनी तिने उजवा हात पुढे केला, मनगट किंचित वर घेतलं, कोपर बाहेर काढलं. त्या कोपराचा धक्का खायला आता तिच्या शेजारी कुणी नव्हतं, दारच होतं.

आर्मासने चावी घातली. केसभर मागे ओढली, वर उचलली, फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला.

"हं," आर्मास म्हणाला. त्याच्या बोलण्यात हा आनंदाचा उद्गार होता.

त्याने चावी काढून फडक्याने पुसली. "ही कच्ची झाली. आता हिच्यावरून पक्क्या करीन. उद्या मिळतील. पण आज तरी सांग, कशात?"

इर्याने समोरचा खण उघडला होता. त्यात काळ्या पुठ्ठ्याची वही होती, गाडीच्या दिवसांची. तिने पानं उलटली. तारीख, कुठून, कुठे, कारण. कारणाच्या रकान्यात त्याचं तेच ठळक उभं अक्षर: तेल गरम करणे. मंडळाची सभा. टायर बघणे. गेल्या वर्षी सात दिवस. त्याच्या आदल्या वर्षी सहा. त्याआधी आठ, पाच, सात. वर्षाला तीस मिळत असताना.

दर उन्हाळ्यात ती म्हणायची, एकदा उत्तरेला इनारीच्या सरोवरापर्यंत जाऊ या ना, याच गाडीने. तो म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात बघू, दिवस शिल्लक आहेत. हिवाळ्यापूर्वी तो गाडीला मेण लावायचा आणि चादर घालायचा. तीही म्हणायची, बरं, पुढच्या वर्षी. चांगल्या कपबशा कपाटात, चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगली चावी डब्यात. तिने कधी भांडण केलं नव्हतं, आणि आता ज्याच्याशी करायचं तो शनिवारी एका डब्यात मिळणार होता.

तिला राग आला. आधी तिला तो ओळखताच आला नाही. मग कळलं की हा राग आहे, ताइस्तोवरचा, आणि तो चांगला दांडगा आहे. सात आठवड्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी होत होतं. तिने वही खणात टाकून खण जोरात लावला.

"पितळ किती टिकेल?" तिने विचारलं.

"रोज वापरलीस तर दहाएक वर्षं. पितळ मऊ, स्वतः झिजतं, कुलपाला सांभाळून घेतं. पोलाद तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल, पण हे म्हातारं कुलूप तीन वर्षांत खाऊन टाकेल. जर्मन सिल्व्हर दोन्हींच्या मधलं. ना इकडचं ना तिकडचं."

"पितळ. चार कर."

"चार? दोन पुरे. एक वापर, एक जपून—" आर्मास मधेच थांबला.

"चारही वापरणार," इर्या म्हणाली. "आलटून पालटून."

शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. पोरीच्या दहनगृहात खिडकीतल्या बाईने कलश दिला आणि सही घेतली. लाकडी होता, वाटलं होतं त्यापेक्षा जड. इर्याने तो शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. आता ताइस्तो तिच्या जागेवर होता. वाटेत ती त्याच्याशी एकदाच बोलली, कुला गावाच्या वळणावर. "सात दिवस, ताइस्तो," ती म्हणाली. "तीसपैकी सात." त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि जिवंत असता तरी नसतं.

लावियाच्या दफनभूमीत काउको काळा कोट घालून आधीच पोचला होता. तिथली देखभाल करणारी तरुण मुलगी फावडं बाजूला ठेवून लांब उभी राहिली. खड्डा लहान होता, एखादं रोप लावावं एवढा. इर्याने आणि काउकोने कलश पट्ट्यांनी खाली सोडला. मग इर्याने कोटाच्या खिशातून तेलकट कागदाची पुडी काढली.

"हेही खाली ठेवू का?" तिने मुलीला विचारलं.

मुलगी जवळ आली, पुडीत काय आहे ते पाहिलं. "चावी नाही चालणार हो," ती हळूच म्हणाली. "धातू मातीत विरत नाही. नियम आहे. कागद चालेल."

"बरं."

इर्याने चावी खिशात टाकली. चिठ्ठी उलगडून एकदा वाचली, वाकून कलशाच्या झाकणावर ठेवली, आणि वर मूठभर माती टाकली. काउकोने ते पाहिलं.

"ते ताइस्तोचं अक्षर होतं," तो म्हणाला. "तू ते पुरलंस."

"त्याचं त्याला दिलं."

काउकोला काय बोलावं सुचलं नाही. असं त्याचं वर्षातून एखाद वेळीच होई. तिने खिशातली जपून ठेवलेली चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. तो ती मंडळाच्या कपाटात काचेमागे ठेवणार, हे तिला ठाऊक होतं. शोभेलही तिथे.

गाडीपाशी आल्यावर काउकोला पुन्हा वाचा फुटली. "आता सरळ गॅरेजला ने. रस्त्यावर अजून हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी आहे, रंगाला लागेल. आणि वहीत नोंद विसरू नकोस."

"नाही विसरणार."

तो गेल्यावर ती चाकामागे बसली. शेजारचा पट्टा अजून लावलेलाच होता, रिकाम्या सीटवर. तिने वही काढली, तारीख लिहिली, कुठून, कुठे. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ताइस्तोला पोचवलं. मग खालच्या ओळीत सोमवारची तारीख घातली आणि ‘कुठे’च्या रकान्यात लिहिलं, इनारी. कारण रिकामं ठेवलं.

तिने चावी घातली आणि फिरवली. फिरली नाही. सकाळपासून दोनदा नीट जमलं होतं, पण आता हात विसरला होता. तिने श्वास नाकातून सोडला, चावी केसभर मागे ओढली, मनगट वर उचललं. कोपर बाहेर गेलं आणि शेजारी कुणालाच लागलं नाही.

इंजिन सुरू झालं आणि तिला रडू आलं. मोठ्याने, वाकडातिकडा चेहरा करून, चाकाला धरून ती रडली. फावडं घेतलेली मुलगी लांबून बघत होती आणि मग तिने पाठ फिरवली. इंजिन धडधडत होतं, पेट्रोल फुकट जळत होतं. गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू, हे ताइस्तोने अडतीस वर्षांत एकदाही खपवून घेतलं नव्हतं. तिने ते बंद केलं नाही.